मंडळी, दंभ आणि कृपा



वसंत व्याख्यानमालेत बोलावयाचे म्हणजे विषय सर्वांच्या परिचयाचा असावा असा संकेत आहे. आमचा विषय ख्रिस्ती मंडळीतील दंभ आणि कृपा हा आहे. धाडसारख्या गावी ख्रिस्ती घरे ती किती आणि त्यांच्या चर्चमधील गुणदोषांची उठाठेव आपण कशाला करावयाची, असे कोणाच्या मनात आले तर ते गैर नाही. परंतु ज्याला हा विषय परका वाटेल, त्याने एवढेच मनात आणावे की उंच आदर्श पुढे ठेवणारी कोणतीही संस्था घ्या, मग ते मंदिर असो, मठ असो, पक्ष असो वा शाळा असो, तिच्यातली माणसे त्या आदर्शाहून ठेंगणीच असतात. त्या उणेपणाचे करावयाचे काय, हा प्रश्न सर्वांचा आहे. ख्रिस्ती मंडळीने त्याला एक उत्तर दिले आणि पुष्कळदा त्या उत्तराचाच गैरवापर केला. म्हणून तिचे उदाहरण बोधप्रद आहे.

प्रथम शब्दांचा थोडा विचार करू. मराठी ख्रिस्ती लोक आपल्या धर्मसमाजाला 'मंडळी' म्हणतात. शब्द मोठा मार्मिक आहे. आपण 'घरची मंडळी' म्हणतो, ती आपण निवडलेली नसतात. त्यांत रागीट असतो, चिकट असतो, न सांगता येऊन राहणारा असतो. मंडळी म्हटली की ती अशीच असावयाची. दुसरा शब्द कृपा. तो आपण पत्राच्या शेवटी 'कृपा असावी' असे लिहून लिहून गुळगुळीत करून टाकला आहे. ख्रिस्ती धर्मात त्याचा अर्थ नेमका आहे : ज्याची योग्यता नाही त्याला मिळालेली देवाची प्रीती. पगार केलेल्या कामाचा मिळतो. कृपा कामाची नसते, म्हणून तिच्यावर कोणाला हक्क सांगता येत नाही आणि तिचा कोणाला गर्वही वाहता येत नाही.

तिसरा शब्द दंभ. नव्या कराराच्या ग्रीक मूळात ढोंग्यासाठी जो शब्द आहे, त्याचा जुना अर्थ नट असा आहे. सोंग घेऊन रंगभूमीवर उभा राहणारा, तो ढोंगी. येथे एक भेद नीट लक्षात घेतला पाहिजे, कारण पुढचे सारे विवेचन त्यावर उभे आहे. एखादा मनुष्य दारू सोडण्याचा निश्चय करतो आणि चौथ्या दिवशी पुन्हा पितो. तो दुबळा आहे. दुसरा रात्री पितो आणि सकाळी व्यसनमुक्तीच्या सभेत अध्यक्षस्थानी बसतो. तो ढोंगी आहे. दोघांचे पाप एकच, पण पहिल्याचे उघडे आहे आणि दुसऱ्याने त्यावर उपरणे पांघरले आहे. 'वरून कीर्तन, आतून तमाशा' हे आपल्या लोकांनी म्हटले ते या दुसऱ्यासाठी.

येशूच्या चरित्रात ही गोष्ट स्पष्ट दिसते. चोर, जकातदार, लोकांनी टाकलेल्या स्त्रिया यांच्याशी तो सौम्यपणे बोलतो. त्याचे कठोर शब्द राखून ठेवलेले आहेत ते धर्मनिष्ठ म्हणून मिरविणाऱ्या परूशांसाठी. त्याची एक गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. दोघेजण मंदिरात प्रार्थनेला गेले. परूशाने आपले उपवास आणि दानधर्म देवाला मोजून दाखविले, आणि शेजारच्या जकातदारासारखा आपण नाही याबद्दल आभार मानले. जकातदार दूर उभा राहिला, त्याने मान वर केली नाही, केवळ दया मागितली. घरी निर्दोष ठरून गेला तो जकातदार. आता पाहा, परूशी खोटे बोलत नव्हता. उपवास त्याने खरोखरच केले होते. दंभ खोट्यातूनच येतो असे नाही, तो खऱ्या पुण्याईच्या हिशेबातूनही येतो, हे या गोष्टीतले मर्म आहे.

मंडळी म्हणजे निवडक शुद्धांचा मेळा की बऱ्यावाइटांचे मिश्रण, हा वाद ख्रिस्ती समाजात फार जुना आहे. इ. स. ३०३ मध्ये रोमन बादशहा डायोक्लीशियन याने ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभिला आणि त्यांचे धर्मग्रंथ जप्त करविले. उत्तर आफ्रिकेत कित्येक धर्माधिकाऱ्यांनी भीतीने ते ग्रंथ हवाली केले. छळ संपल्यावर प्रश्न निघाला की अशांच्या हातून झालेले संस्कार खरे मानावे काय? डोनॅटसचे अनुयायी म्हणाले, मुळीच नाही, आणि त्यांनी आपली वेगळी शुद्ध मंडळी मांडली. हा तंटा शंभर वर्षे चालला. त्यांना उत्तर दिले हिप्पो नगरीच्या ऑगस्टीनने. संस्काराचे सामर्थ्य देवाचे आहे, ते देणाऱ्या पुरोहिताच्या चारित्र्यावर अवलंबून नाही. शेतात गहू आणि निदण कापणीपर्यंत एकत्रच वाढावयाचे, आज उपटावयास जाल तर गहूही उपटाल. आपण वऱ्हाडची माणसे, निंदणी म्हणजे काय ते आपल्याला सांगावयास नको. पीक कोवळे असताना तण ओळखणे किती कठीण, हे शेतकऱ्याइतके कोणाला ठाऊक?

ऑगस्टीनचे उत्तर आम्हांस मान्य आहे. परंतु या उत्तरात एक धोका आहे. 'मंडळीत निदण असावयाचेच' असे एकदा म्हटले की ज्याचे निदण असते तो निर्धास्त होतो. कृपेचे औषध दंभाचे पांघरूण बनते. हे कसे घडते ते पाहावयास आफ्रिकेला जाण्याचे कारण नाही. आपल्या महाराष्ट्रातच त्याचा धडा आहे, आणि तो जातीचा आहे.

आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातील, देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे चोखोबांचे जन्मगाव असे परंपरा सांगते. ज्या विठ्ठलासाठी चोखोबांनी जन्म वाहिला, त्याच्या मंदिराबाहेर त्यांना उभे राहावे लागले, आणि त्यांच्या जातभाईंसाठी पंढरपूरचे दार उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. मध्ये सहा शतके गेली. एवढ्या काळात 'या, येथे जात नाही' असे कोणी म्हटले तर त्या हाकेचे मोल काय असेल, याची कल्पना करा.

अशी हाक आपल्या शेजारीच ऐकू आली होती. धाडहून भोकरदनवरून जालन्याकडे गेले की जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत लागते. ती वसविली नारायण शेषाद्री यांनी. ते जन्माने ब्राह्मण, १८४३ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे निजामाच्या राज्यात सालारजंगांकडून जमीन मिळवून मुख्यतः मांग समाजातील ख्रिस्ती कुटुंबांना त्यांनी तेथे घरे आणि शेती करून दिली. त्या काळी एका ब्राह्मणाने आपले आयुष्य मांगांच्या वस्तीत घालविणे ही लहान गोष्ट नव्हती.

परंतु सगळीकडे असे झाले नाही. गोव्यात कित्येक गावी चर्चच्या उत्सवाचा मान आणि चर्चच्या बंधुसंघाचे सभासदत्व बामण आणि चार्दो या वरच्या जातींतील ख्रिस्ती घराण्यांनी पिढ्यानपिढ्या आपल्याकडे राखले. तामिळनाडूत तिरुचिरापल्लीस ख्रिस्ती दफनभूमीतसुद्धा जातीची भिंत उभी राहिली. म्हणजे प्रभुभोजनाची भाकर एक आणि मेल्यावर माती वेगळी! डॉ. आंबेडकरांनी आपल्या लेखनात नेमके या ठिकाणी बोट ठेवले आहे. धर्म बदलला तरी धर्मांतरितांमधली जात गेली नाही, हा त्यांचा आक्षेप होता. ज्या मंडळीने मंदिराच्या बंद दाराकडे बोट दाखविले, तिने आपल्याच घरात जातीच्या भिंती राहू दिल्या. दंभ याहून निराळा तो काय असावयाचा?

मग प्रामाणिक मनुष्याने अशा मंडळीत राहावे तरी कसे? या प्रश्नाची उत्तरे पुस्तकात शोधण्यापेक्षा माणसांत शोधणे बरे. तीन मराठी माणसांची आठवण आम्ही देतो.

पहिल्या पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या भोळ्या भाविक नव्हत्या. तेथील धर्मभगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारात त्या वाद घालतात, ख्रिस्ती पंथांची परस्परविरोधी मते दाखवितात, आणि पुरोहितांच्या एका जोखडातून मोकळी झालेली आपली मान दुसऱ्या जोखडाखाली देणार नाही, अशा अर्थाचे बजावून सांगतात. त्यांनी १९०७ साली आपली साक्ष लिहिली, तीत एक विलक्षण गोष्ट आहे. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नाही. जगात नाव झालेले, शारदा सदन चालू, लोक आदर्श म्हणून पाहताहेत, अशा वेळी ही उणीव त्यांनी ओळखली आणि पुढे जगापुढे छापून मांडली. या जाणिवेला कारण झाले हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचे आत्मचरित्र. हा गृहस्थ वर्षानुवर्षे प्रवचने देत होता. १८५१ साली कॉर्नवॉलमध्ये स्वतःच्याच व्यासपीठावर बोलता बोलता त्याचे अंतःकरण पालटले, आणि श्रोत्यांतून कोणी ओरडले की पाद्रीबुवांचे परिवर्तन झाले! उपदेशकाला उपदेशाची गरज असते, हे त्या श्रोत्याने ओळखले.

रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या अनाथ मुली, विधवा, आंधळ्या यांना आसरा दिला. शिवाय समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी एक स्वतंत्र घर काढले. त्याला नाव दिले 'कृपासदन'. या नावात एक विचार आहे. 'सुधारगृह' म्हटले असते तर आत येणारीच्या कपाळावर तिच्या अपराधाचा शिक्का बसला असता. कृपासदन म्हटल्यावर आत राहणारी आणि चालविणारी या दोघी एकाच दाराने आत येतात.

दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि तिसऱ्या लक्ष्मीबाई. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन कित्येक वर्षे दूर राहिल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. १९३४ ते १९३६ या काळात निघालेली त्यांची 'स्मृतिचित्रे' मराठीत घरोघरी वाचली गेली. त्या पुस्तकात धर्मांतराचा विजयघोष नाही. टिळकांचा शीघ्रकोप, हाती आलेला पैसा वाटून टाकण्याची खोड, संसाराची तारांबळ, सारे जसेच्या तसे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वतःचे सोवळे त्यांनी लपविलेले नाही. नवऱ्याकडे परत आल्यावरही त्यांनी आपले पाणी आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवला होता. मग विचार करता करता त्यांना उमगले की जात देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे, आणि त्यांनी सोवळे सोडले. ही गोष्ट त्या हसत हसत, स्वतःची थट्टा करीत सांगतात. आम्हांस वाटते, मराठी ख्रिस्ती वाङ्मयात कृपेवर जी प्रवचने झाली असतील त्या सर्वांपेक्षा या हसण्यात कृपा अधिक आहे. ज्याला क्षमा मिळाल्याची खात्री असते, त्यालाच स्वतःची गोष्ट अशी मोकळेपणी सांगता येते. ढोंग्याला स्वतःवर हसता येत नाही, कारण त्याचे सोंग गळून पडेल.

टिळकांचे मंडळीशी सदैव जमले असे नाही. परदेशी मिशनच्या पगारावर आणि सांगण्यावर चालणारा धर्म या मातीत रुजणार नाही, असे त्यांचे मत होत गेले. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यांनी बोलाविले. १९१९ साली ते गेले आणि तो दरबार त्यांच्यामागे फार चालला नाही. परंतु मंडळीच्या चुकांवर रागावूनही मंडळीचे हित सोडावयाचे नाही, असा एक मार्ग आहे हे त्यांनी दाखविले. डोनॅटसप्रमाणे त्यांनी शुद्धांचे कुंपण घातले नाही. उलट होते ते कुंपणही मोडले.

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाही तर आम्ही कृपेची नुसती स्तुती केली असे होईल. कृपेच्या नावाखाली दंभ कसा पोसला जातो, याचे उदाहरण २००२ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरी जगाने पाहिले. लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या पाद्र्यांना वरिष्ठांनी वर्षानुवर्षे एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये हलविले आणि प्रकरणे दाबून ठेवली. वर्तमानपत्राने ती उघड केली आणि त्याच वर्षी तेथील कार्डिनलना पद सोडावे लागले. येथे क्षमा कोणी कोणाला केली? ज्याचे काही गेले नव्हते त्याने, ज्याने लुबाडले त्याला. ज्या मुलाचे सर्वस्व गेले त्याला कोणी विचारलेच नाही. अशा क्षमेला कृपा म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे.

दुसरे उदाहरण जॉन न्यूटन याचे. कृपेवरील त्याचे इंग्रजी गीत जगभर गातात. हा गुलामांच्या जहाजावरचा माणूस. १७४८ साली वादळात त्याचे मन पालटले असे सांगतात, आणि ते खरे आहे. परंतु त्यानंतरही १७५४ पर्यंत तो गुलामांचा व्यापार करीतच होता! त्या व्यापाराविरुद्ध त्याने उघडपणे लिहिले ते १७८८ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी. त्या लेखात मात्र त्याने स्वतःला वगळले नाही. कृपा एका दिवसात मिळते, पण डोळे उघडावयास कधी चाळीस वर्षे लागतात. तेवढ्या वर्षांत ज्यांनी बेड्या वाहिल्या त्यांचा हिशेब कोणाकडे मागावयाचा, हाही प्रश्न विसरता कामा नये.

आपल्या देशात तर कायद्यानेच हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा केला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या. १९५६ साली त्यांत शीख आले, १९९० साली बौद्ध आले. बौद्ध बांधवांना यासाठी किती वर्षे थांबावे लागले, हे या सभेत सांगावयास नको. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित मात्र बाहेरच राहिले. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात याचिका चालल्या, आणि २०२२ साली माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. बाहेर ठेवण्याचे कारण असे दिले जाते की ख्रिस्ती धर्मात जात नाही. ज्या मंडळीत जात आहे, तिच्यातल्या दलिताला 'तुझ्या धर्मात जात नाही' असे सांगावयाचे! म्हणून कित्येक घरांत रविवारी प्रार्थना एक आणि कागदावर धर्म दुसरा, असा दुहेरी संसार चालतो. लोक त्याला ढोंग म्हणतात. आमचे म्हणणे असे की मुलाच्या शाळेच्या फीसाठी ज्याला दोन नावे वागवावी लागतात त्याला ढोंगी म्हणण्याआधी, आपले एकच नाव सुखाने मिरविणाऱ्यांनी थोडे थांबावे. सोंग घेणारा आणि सोंग घ्यावयास लावला गेलेला, यांत अंतर आहे.

२०१६ च्या डिसेंबरात मात्र एक चांगली गोष्ट घडली. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचे एक धोरणपत्र काढले आणि चर्चमध्ये अस्पृश्यता आणि भेदभाव आहे, असे स्वतःच्या सहीने कबूल केले. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे देशातील सुमारे १ कोटी ९० लाख कॅथलिकांपैकी १ कोटी २० लाख दलित होते आणि दलित बिशप अवघे १२. पुढे २०२२ साली हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला कार्डिनल झाले, ते या पदावर गेलेले पहिले दलित. एका कबुलीने भिंती पडत नाहीत हे खरे. परंतु 'आमच्यात असे काही नाही' असे म्हणत राहणे आणि 'आमच्यात हे आहे' असे लिहून देणे, यांत परूशी आणि जकातदार यांच्याइतके अंतर आहे.

तेव्हा आमच्या बोलण्याचा इत्यर्थ एवढाच. एखाद्या मंडळीत पापी माणसे आहेत, हा तिच्यावर आक्षेप होऊ शकत नाही. दवाखान्यात रोगी आहेत अशी तक्रार कोणी करीत नाही. आक्षेप घ्यावयाचा तो रोग लपविला जातो तेव्हा, आणि वैद्यच आपणांस रोग नाही असे सांगू लागतात तेव्हा. कृपा आणि दंभ ओळखण्याची खूण सोपी आहे. दंभ झाकतो आणि त्याची किंमत दुबळ्याकडून वसूल करतो. कृपा उघडे करते, आणि तिची किंमत ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला द्यावी लागते : शेषाद्रींना आपली जात सोडून द्यावी लागली, टिळकांना पगार, लक्ष्मीबाईंना सोवळे, आणि रमाबाईंना आपण परिपूर्ण असल्याचा लौकिक.

आपल्यापैकी कोणी तरुण आपल्या मंदिरातील, विहारातील, मशिदीतील वा चर्चमधील ढोंगाला कंटाळून बाहेर पडण्याच्या विचारात असेल. त्याला राहा असे आम्ही सांगत नाही, जा असेही सांगत नाही. त्याने जाण्यापूर्वी एवढेच पाहावे की तेथे एखादा तरी मनुष्य आपला दोष स्वतःच्या तोंडाने सांगणारा आहे काय, आणि तसे सांगितल्यावर त्याला तेथे बसावयास जागा मिळते काय. मिळत असेल तर त्या घरात अजून दिवा आहे. मिळत नसेल, तर तशी जागा करून देणे हे तेथील वडीलधाऱ्यांचे काम आहे, आणि त्यांत या सभागृहात बसलेले आपण पुष्कळजण येतो.